पोटदुखीवर जावई हे औषध नव्हे

मल्लेश्वरम, बेंगळूर
८ ऑगस्ट १९९६

चि. प्रतापराव,

आशीर्वाद. (‘राव’ आज मुद्दाम लावला आहे. एरवी तू मला नुसता प्रताप. पण तू पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता आहेस, तुझ्या सहीवाचून सांगलीकडच्या कालव्याचं दार वर उचललं जात नाही, आणि हे पत्र मी भावाला कमी आणि जबाबदार अधिकाऱ्याला जास्त लिहिते आहे.) तुझा रक्तदाब आवरला का? अलकाच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने उतार पडला का, की तेल संपलं आणि गुडघे होते तिथेच आहेत? इकडे तुझे दाजी मजेत आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी रेडिओची मागची बाजू उघडली आहे आणि ती अजून बंद झालेली नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. माझी महिला मंडळातली भाषणं चालू आहेत, आवाज शाबूत आहे, विरोधकही शाबूत आहेत, तेव्हा माझ्या प्रकृतीची काळजी नको.

आता विषयाकडे येते. हे पत्र तुझ्या नावाचं आहे, अलकाच्या नाही. विषय कळला की तू ‘हे तुझ्यासाठी दिसतंय’ असं पुटपुटत ते स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवशील, हे मी इथे बसून पाहू शकते. ठेवू नकोस. विषय तुझ्या मुलीच्या, मैत्रेयीच्या, पाळीचा आहे. पाळी हा शब्द या पत्रात पुष्कळदा येणार आहे. पहिल्या एकदोन वेळा दचकशील, मग सवय होईल. तू तुझ्या पत्रात ‘मैत्रेयीच्या त्या त्रासाबद्दल कळले’ असं लिहिलं आहेस. धरणाची भिंत कुठे झिरपते आहे हे सरकारला कळवताना तू ‘त्या भिंतीचा तो त्रास’ असं लिहितोस का? दर महिन्याला पाळी येते, पहिल्या दिवशी तिच्या ओटीपोटात आणि कमरेत असह्य कळा येतात, कधी उलटी होते, कधी चक्कर येते. एवढंच आहे ते. लिहून झालं, कागद फाटला नाही.

तुझा निर्णय असा दिसतो की गणपतीच्या आधी बसने इथे यायचं, मैत्रेयीला राजीनामा द्यायला लावायचा, सांगलीला न्यायचं आणि साताऱ्याच्या त्या यशोवर्धनशी तिचं लग्न उरकायचं, कारण ‘लग्न झालं की हे आपोआप थांबतं असं सगळेच सांगतात’. मुलगी इथे येऊन वर्ष झालं. कंप्युटरच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते, साहेब तिच्या कामावर खूश आहेत, पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची आहे, आणि ती संध्याकाळी घरी येते तेव्हा जिन्यावरून तिच्या चपलांचा जो आवाज येतो त्यावरून मला कळतं की तिचं इथे बरं चाललं आहे. हे सगळं तू एका पोटदुखीपायी गुंडाळून नेणार. तेव्हा त्या पोटदुखीचा इतिहास तुला मुळापासून कळायला हवा. (मुळापासून म्हटलं की तू घड्याळ बघतोस. बघू नकोस.)

तुला आठवत असेल की आईने मला पहिल्यांदा बाजूला बसवलं तेव्हा मी बसले नाही. उठून सरळ स्वयंपाकघरात गेले आणि लोणच्याच्या बरणीला हात लावला. घरात केवढा गदारोळ झाला. लोणचं वर्षभर टिकलं, आणि त्यातलं सगळ्यात जास्त तूच खाल्लंस. तेव्हापासून मी या विषयावर बोलते आहे. त्यात एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती ती अशी की मला स्वतःला उभ्या आयुष्यात पाळीच्या वेळी काडीचंही दुखलेलं नाही. त्या दिवसांत मी चिंचेच्या झाडावर चढले, वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या, लग्नाच्या मांडवात उभी राहिले. त्यामुळे माझा सिद्धान्त असा तयार झाला की दुखतं ते मुळात पाळीमुळे नाही, पाळीला भ्यायला शिकवल्यामुळे. त्याला मी वाचनाने बळकटी दिली. ग्रंथालयातली आरोग्याची पुस्तकं, रशियात छापलेलं एक स्वस्त आणि जाडजूड पुस्तक, एक योगासनांचं हिंदी पुस्तक, सगळं वाचून काढलं आणि जे माझ्याशी सहमत होतं त्याखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. ज्याचा दात कधी दुखला नाही त्याने दातांच्या दुखण्यावर व्याख्यान द्यावं, तसा हा प्रकार होता. पण व्याख्यान चांगलं होत असे, आणि चांगल्या होणाऱ्या व्याख्यानात चूक शोधायला वक्त्याला वेळ नसतो.

तर मैत्रेयी आली आणि पहिल्याच महिन्यात मला ती न्हाणीघराच्या उंबऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसली. चेहरा चुन्यासारखा. मी तिला उठवलं, समजावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम आखला. सकाळी सूर्यनमस्कार, मग गच्चीवर दोरीच्या उड्या, थंड पाण्याने आंघोळ आणि रात्री रशियन पुस्तकातलं एक प्रकरण. पाळीच्या दिवशी सुट्टी नाही. उलट त्या दिवशी चार उड्या जास्त, म्हणजे शरीराला कळेल की आपलं इथे चालणार नाही. दाजी एकदा खालून म्हणाले, “विमला, पोरीला स्वल्प बसू दे की.” मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचा रेडिओ बघा. मैत्रेयीला तिच्या कंपनीतल्या नर्सने वेदनेच्या गोळ्यांची एक पट्टी दिली होती. ती मी कचऱ्यात टाकली. बायकांना गोळ्यांवर जगायला लावणं हा व्यापाऱ्यांचा डाव आहे, या विषयावर माझं स्वतंत्र व्याख्यान आहे, तुला पाठ असेल.

मग मंडळात माझं भाषण ठरलं: ‘वेदना आणि शिकवण’. योगायोगाने तो मैत्रेयीचा पहिला दिवस होता. मी तिला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं, म्हणजे लोकांना दिसावं. मी सांगत होते की ही वेदना पिढ्यान्‌पिढ्या मुलींना शिकवली गेली आहे, आणि ‘शिकवली’ या शब्दावर मी टेबलावर मूठ आपटली. त्याच क्षणी मैत्रेयी खुर्चीवरून घसरली आणि खाली जमिनीवर बसली. लोकांना वाटलं, भाषणाचा परिणाम. टाळ्या झाल्या. (मलाही तेच वाटलं. मी थोडी थांबले आणि आणखी एक मुद्दा वाढवला.) टाळ्यांच्या गडबडीत मागच्या रांगेतल्या मालनबाई पुढे आल्या आणि मैत्रेयीला काखेत धरून बाहेर रिक्षात घालून घेऊन गेल्या.

मालनबाई आमच्या शेजारच्या. यांचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहे. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात इतकं कन्नड मिसळलेलं असतं की नवखा माणूस वाक्याच्या मध्येच उतरून जातो. वय सत्तरीच्या पुढे. माझ्या प्रत्येक भाषणाला येतात, मागे बसून वाती वळतात आणि शेवटी म्हणतात, “आवाज चांगला आहे गे तुझा.” भाषणाबद्दल कधी काही म्हणत नाहीत. त्यांच्या परसात, न्हाणीघराला लागून, एक खोली आहे. जुन्या काळी घरच्या बायका तीन दिवस तिथे बसायच्या. आता त्यांच्या घरात बसणारी कोणी उरली नाही, मुली नांदायला गेल्या, पण खोली आहे, आणि ती खोली हा आमच्यातला वीस वर्षांचा वाद आहे. मी तिला जाहीर सभेत तुरुंग म्हटलं आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी तळलेले कोडबळे पाठवले होते.

त्या सभेनंतर मैत्रेयीमध्ये मोठी सुधारणा दिसू लागली. दर महिन्याला बरोबर त्या दिवशी ती सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची आणि म्हणायची, “आत्या, आज कंपनीत जादा काम आहे, उशीर होईल.” मी दाजींना म्हटलं, बघा, जिला उठवत नव्हतं ती आता त्याच दिवशी जादा काम करते. फेब्रुवारीत तुलाही तसं कळवलं, आठवत असेल. मंडळात मी हे उदाहरण नाव न घेता तीनदा सांगितलं. नाव घेतलं नाही तरी सगळे मैत्रेयीकडे बघत होते आणि ती पंख्याकडे बघत होती. राजाजीनगरच्या मंडळाने याच विषयावर मला बोलावलं. तिथे मी म्हटलं की प्रयोग यशस्वी झाला आहे, आता प्रसार करायचा.

प्रसाराची सुरुवात शेजारून करावी म्हणून एप्रिलमध्ये मी मालनबाईंकडे गेले. विचार असा होता की ती परसातली खोली मंडळाच्या वाचनालयासाठी मागावी. मंडळाची चिटणीस अंजली माझ्याबरोबर यायची होती, पण तिने सकाळी निरोप पाठवला की सर्दी झाली आहे. मी एकटीच गेले. मालनबाई पुढे दिसल्या नाहीत म्हणून परसात गेले आणि त्या खोलीच्या दारावर थाप मारली. नुसतं लोटलेलं दार उघडलं. आत गादीवर मैत्रेयी पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाली होती. तिचा कंपनीत न्यायचा डबा कोनाड्यात होता. आणि तिच्या उशाशी आमची चिटणीस अंजली, कमरेला शाल गुंडाळून, एकटीच पत्ते लावत बसली होती. मला बघून अंजलीने पत्ते पाठीमागे नेले आणि म्हणाली, “सर्दी आहे, बाई.”

तेवढ्यात मालनबाई कॉफी घेऊन आल्या.

“हे काय चाललं आहे?” मी म्हटलं.

“स्वल्प हळू बोल. पोरीला आत्ता डोळा लागत होता.”

“तुम्ही माझ्या भाचीला बाहेर बसवलंत?”

“मी कशाला बसवू गे? तीच आली. तुझ्या घरात पोट दुखलं की दोरीवरून उड्या मारायला लागतात म्हणाली. इथे काय, पडायचं, गरम पाणी घ्यायचं. या खोलीत असलेल्या बाईला कुणी हाक मारायची नाही, फोन आला तरी सांगायचा नाही, हा माझ्या सासूच्या वेळचा नेम. अंजलीचा नवरा दर महिन्याला फोन करतो, डाळ कुठे आहे म्हणून. मी सांगते, बाहेर बसलीय, शोध तूच.”

मी तुरुंगाबद्दल बोलायला सुरुवात केली. मालनबाईंनी कॉफी खाली ठेवली आणि मला दाराकडे बघायला सांगितलं. म्हणाल्या, “सासूच्या वेळेला कडी बाहेरून होती. ती काढून मी आतून बसवली, तीस वर्षं झाली. तू दर भाषणात खोलीला शिव्या घालतीस, एकदा येऊन दार तरी बघायचं होतंस.”

प्रताप, माझी मतं अशी एका कडीवर बदलत नाहीत, आणि तीही तुला सांगते, म्हणजे ही हरली असं तू अलकाला सांगत सुटणार नाहीस. ती खोली मला आजही मान्य नाही. पोट दुखल्यावर घटकाभर आडवं व्हायला मिळावं म्हणून बाईला आधी स्वतःला विटाळशी म्हणवून घ्यावं लागत असेल, तर त्या विश्रांतीत मान नाही. हे मी तिथल्या तिथे मालनबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, “सरी, बरं. मग तुझ्या घरात झोपू दे तिला. कोण नको म्हणतंय?” मी खाली ठेवलेली कॉफी उचलली आणि पिऊन टाकली. मैत्रेयी भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती एवढं मला नक्की कळलं.

म्हणून मालनबाईंचं सगळं बरोबर होतं असं समजू नकोस. दोरीच्या उड्यांतून सुटलेली मुलगी तिथे मेथीच्या कडू काढ्यात सापडली होती. दही बंद, डोक्यावरून पाणी बंद, बेंबीवर हिंगाचा लेप, कढीपत्त्याच्या झाडाला हात लावायचा नाही. आणि कंपनीतल्या नर्सने पुन्हा दिलेली गोळ्यांची पट्टी मालनबाईंनी तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली होती, कारण गोळी उष्ण पडते. म्हणजे बघ, ज्या दोन बायकांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं नेमकं याच एका गोष्टीवर झालं होतं. एकीने विवेकाच्या नावाने गोळी कचऱ्यात टाकली, दुसरीने सोवळ्याच्या नावाने तांदळात. मधे मुलगी कळवळत होती.

मे महिन्यात मैत्रेयी कंपनीच्या बसथांब्यावर चक्कर येऊन पडली. त्या दिवशी तिला परदेशी पाहुण्यांपुढे तिचं काम दाखवायचं होतं, म्हणून ती खोलीत न थांबता तशीच निघाली होती. तुझ्या दाजींनी घाबरून कोपऱ्यावरच्या बूथवरून तुला फोन केला आणि तुझ्या डोक्यात यशोवर्धन शिरला. (ज्याने आयुष्यभर एकही गोष्ट घाईने केली नाही त्या माणसाने नेमका हा फोन घाईने करावा, याचं मला अजून नवल वाटतं.) दाजींनीच दुसरी घाई अशी केली की डॉक्टरांची वेळ घेतली. राजाजीनगरला डॉ. हर्षिता म्हणून तरुण बाई आहेत. मी जाणार म्हटल्यावर मालनबाई म्हणाल्या, मीपण. रिक्षात मैत्रेयी मधे, एका कानाशी मी, दुसऱ्या कानाशी त्या. मी दह्याची बाजू मांडत होते, त्या मेथीची. नवरंग चित्रपटगृहापाशी रिक्षावाल्याने मागे वळून कन्नडमध्ये सांगितलं की त्याच्या बायकोलाही फार होतं, तो तिला शेक देतो, आणि आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसलो तर या मुलीलाही बरं वाटेल.

डॉक्टरांनी आम्हा दोघींचं थोडं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पेशंट कोण आहे?” आम्ही मैत्रेयीकडे बोट केलं. त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मला, प्रताप. मी कुठल्याही सभेतून आजवर बाहेर गेलेली नाही. बाकावर मालनबाईंनी पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. ते आंबट होतं, पण खाल्लं, कारण तेवढा वेळ बोलावं लागत नव्हतं.

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, वावगं काही निघालं नाही. मग आम्हाला आत घेतलं. डॉक्टर कन्नडमध्ये, मैत्रेयी इंग्रजीत, आम्ही दोघी मराठीत, असं ते बोलणं झालं. तुला एका भाषेत सांगते. पाळी येते तेव्हा शरीरात एक द्रव्य तयार होतं, त्याने गर्भाशय पिळून निघतं, त्याच्याच कळा येतात. ते शिकवणीमुळे नाही आणि दह्यामुळेही नाही. गोळी ते द्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून ती कळ सुरू होताच, किंवा सुरू होणार असं जाणवताच घ्यायची. सोसवेनासं होईपर्यंत थांबलं की द्रव्य तयार होऊन गेलेलं असतं आणि मग गोळीचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. तू अभियंता आहेस: पूर गावात शिरल्यावर दारं हलवून काय होणार, पाणी चढायला लागलं तेव्हाच हलवायची. गोळी दोन घास खाऊन घ्यायची, उपाशीपोटी नाही. दम्याचा किंवा पोटात अल्सरचा त्रास असलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. ओटीपोटावर शेक हा उत्तम (मालनबाईंनी माझ्याकडे बघितलं). एरवी महिनाभर व्यायाम, चालणं, हेही उत्तम, त्याने पुष्कळ जणींचं दुखणं कमी होतं (मी मालनबाईंकडे बघितलं). मात्र पहिल्या दिवशी जे झेपेल तेवढंच, बळजबरी नाही. डोक्यावरून खुशाल अंघोळ करावी. आणि गोळी वेळेवर घेऊनही भागलं नाही, दुखणं महिन्यागणिक वाढत चाललं, रक्तस्राव फार व्हायला लागला, तर सोसत बसायचं नाही, पुन्हा यायचं, कारण मग कारण वेगळं असू शकतं.

शेवटी त्यांनी विचारलं की एवढी साधी गोळी हिला आजपर्यंत कोणीच कशी दिली नाही? मालनबाई पिशवीत मोसंब्याची सालं नीट करू लागल्या. मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचून काढलं. मैत्रेयी म्हणाली, “मिळाली होती, मॅडम. दोनदा.” आणि आम्हा दोघींची नावं घेतली नाहीत. मुलगी तुझी आहे, पण मोठ्या मनाची आहे.

तेव्हापासून ती गोळी वेळेवर घेते, पोटाला शेक घेते. दुखणं गेलेलं नाही, खोटं सांगणार नाही. ताब्यात आलं आहे. जूनमध्ये अर्धा दिवस घरी राहिली, माझ्या घरी, माझ्या पलंगावर, आणि मी दार लावून घेतलं आणि दाजींना रेडिओ बंद करायला लावला. गेल्या महिन्यात पहिल्या दिवशी कामावर गेली आणि संध्याकाळी आली तेव्हा जिन्यावर चपला वाजल्या.

आता तुझ्या यशोवर्धनाकडे येते. मुलगा चांगला असेल. पण तू त्याला नवरा म्हणून आणतो आहेस की औषध म्हणून, हे त्याला कोणी सांगितलं आहे का? औषध म्हणून आणत असशील तर कधी घ्यायचा, जेवणाआधी की नंतर, आणि गुण आला नाही तर परत करता येतो का, हेही विचारून ठेव. अंजलीचं लग्न झालं, दोन मुलं झाली, थोरला चौथीत आहे, आणि अंजली दर महिन्याला कमरेला शाल गुंडाळून पत्ते लावते. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, वय वाढलं किंवा मूल झालं की काहींचं कमी होतं, काहींचं होत नाही; पण लग्न हे मी कोणाला लिहून देत नाही. मैत्रेयीला जेव्हा लग्न करायचं असेल तेव्हा ती करील, मी अक्षता घेऊन पहिल्या रांगेत उभी राहीन. पोट दुखतं म्हणून मात्र करायचं नाही. जिचं दुखणं आत्ता कुठे ताब्यात आलं, तिच्या हातातून नोकरी काढून घेणं हा इलाज नाही, ती शिक्षा आहे, आणि तीही आजाराबद्दल.

फार लिहिलं. मुद्दे अजून शिल्लक आहेत, पण शाई संपत आली आहे आणि तुझा रक्तदाब मला माहीत आहे. अलकाला प्रेम सांग, गुडघ्यांना विश्रांती सांग. दाजींनी नमस्कार सांगितला आहे. रेडिओतून आवाज आला की स्वतः लिहिणार आहेत.

तुझी, तुझ्याशी या बाबतीत पूर्ण असहमत,
विमलाताई

ता. क. अलकाने पाठवलेला ओवा पोचला. डॉक्टरांनी ओव्याबद्दल काही वाईट म्हटलं नाही, तेव्हा तिने मनाला लावून घेऊ नये. मात्र आणखी पाठवू नये. घरात आता इतका ओवा आहे की दाजी तो भातावरही घालून घेतात.

ता. क. दुसरा. मालनबाईंनी हे पत्र वाचलं आहे आणि एक गोष्ट लिहायलाच हवी असं त्या म्हणतात. ती अशी की हे पत्र मी त्यांच्या परसातल्या त्याच खोलीत बसून लिहिते आहे. गेले काही आठवडे मी दुपारची वाचायला आणि भाषणांची टिपणं काढायला इथेच येते. (माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न येत नाही.) आत्ताच दाजी कुंपणापाशी येऊन स्क्रूड्रायव्हर कुठे आहे म्हणून विचारत होते. मालनबाईंनी त्यांना सांगितलं, बाहेर बसलीय, शोधा तुम्हीच. खोलीला माझा विरोध कायम आहे, तो मी पुढच्या भाषणात मांडणार आहे, आणि ते भाषणही इथेच लिहिते आहे.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. पाकीट चिकटवण्याआधी पत्र मैत्रेयीला वाचून दाखवलं, कारण पोट तिचं आहे. सभागृहाच्या प्रसंगाला ती हसली. यशोवर्धनाच्या परिच्छेदालाही हसली, पण नंतर म्हणाली, “आत्या, बाबांना एवढं सगळं सांगतेस, पण त्यांनी मला कधी विचारलंच नाही गं.” तिला टायफॉइड झाला होता तेव्हा तू उशाशी बसून थर्मामीटर लावायचास, हे ती अजून सांगते. या बाबतीत मात्र तू अलकाला विचारतोस, अलका मला विचारते, मी तिला विचारते, आणि तिचं उत्तर त्याच वाटेने तुझ्याकडे परत येतं. एवढ्या लांबच्या कालव्यात पाणी किती झिरपतं ते मी तुला सांगायला नको. वरची सगळी पानं विसरलास तरी चालेल, माझी विनंती एकच आहे. तिला लिही. मला नको, अलकाच्या हातून नको. तिच्या नावाने, तुझ्या अक्षरात: पोट कसं आहे, काम कसं आहे, तुला काय हवं आहे. आणि तिचं उत्तर हाती येईपर्यंत बसचं तिकीट काढू नकोस.

मी म्हणत होते की हे पोस्टकार्डावर लिही, म्हणजे सांगलीपासून मल्लेश्वरमपर्यंत वाटेतल्या सगळ्या पोस्टमनांनाही वाचू दे. मैत्रेयी म्हणते, आंतर्देशीय चालेल.